काचेचे पान आणि वाचनाची मर्यादा : जुन्नर-आंबेगावच्या आधारे एक विचार

१

वाचनाची अभिरुची ओसरत चालली आहे, ही तक्रार मराठी वाङ्मयविचारात नवी नाही. ती पूर्वी बोलपटाच्या नावाने झाली, मग दूरदर्शनच्या. आज ती मोबाइलच्या नावाने होते. आरोपी दर पिढीला बदलतो आणि फिर्याद तीच राहते, तेव्हा फिर्यादीकडेही थोडे चिकित्सेने पाहावे लागते. मोबाइलवर दिवसभर जे चालते त्यात वाचनाचा भाग थोडाथोडका नाही. निरोप, बातम्या, बाजारभाव, अभंग, परीक्षेची टिपणे, हे सारे वाचूनच होते. अक्षरांशी गाठ पडण्याचे प्रसंग कमी झालेले नसून उलट वाढले आहेत. असे असूनही काहीतरी हरवले आहे, ही जाणीव जाणत्या वाचकाला अस्वस्थ करते आणि ती खोटी म्हणून सोडून देता येत नाही. हरवले ते नेमके काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके घेतले आहेत. महाराष्ट्रातील लेखनवाचनाचे जवळजवळ सर्व थर येथे एका दिवसाच्या प्रवासात पाहावयास मिळतात. नाणेघाटातील शिलालेख, जुन्नरच्या नावाने ओळखला जाणारा हातकागद, ओतूर-आळ्याची वारकरी परंपरा, मंचर-घोडेगावसारख्या गावांतील वाचनालये, आणि अखेरीस ज्याच्या त्याच्या खिशातील काचेचे पान. एका साधनाकडून दुसऱ्याकडे जाताना वाचकाने काय बरोबर नेले आणि काय मागे टाकले, हे अशा ठिकाणी अधिक स्पष्टपणे दिसते.

२

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तो कोरला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची ती नोंद असून गायी, घोडे, कार्षापणे यांच्या संख्या तीत अंकांनी दिल्या आहेत. हा लेख वाचावयाचा तर वाचकानेच घाट चढून त्याच्यापाशी गेले पाहिजे. अक्षर आपली जागा सोडीत नाही. दगडाइतके टिकाऊ साधन दुसरे नाही. तरीही हा लेख कित्येक शतके मुका राहिला. ब्राह्मी वाचणाऱ्यांची परंपरा तुटली होती, आणि १८३७ साली प्रिन्सेपने त्या लिपीचा उलगडा पुरा करीपर्यंत घाटातील वाटसरूला त्या केवळ रेघा होत्या.

कागदाचीही तीच कथा आहे. जुन्नर हे हातकागदाचे जुने केंद्र. जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दप्तरांतून परिचित आहे. या मुलखातील जुन्या घरांत मोडी पत्रे, खते आणि वहिवाटीचे कागद आजही रुमालात बांधलेले सापडतात. कागद शाबूत असतो, शाईही टिकलेली असते; मात्र मोडी शाळेतून गेल्यामुळे घरातील एकालाही आपल्याच घराण्याचा कागद वाचता येत नाही. साधन टिकले म्हणजे वाचन टिकतेच असे नाही, हा या दोन्ही उदाहरणांचा इत्यर्थ आहे. साधनाभोवती वाचकांचा एक समाज असावा लागतो. तो विस्कटला की अक्षर असूनही नसल्यासारखे होते.

आपल्या पूर्वसूरींना याची जाण होती. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे आणि पानाच्या चहूबाजूंनी कोरी जागा सोडावी, म्हणजे हाताळून कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, असा उपदेश समर्थ तेथे करतात. ग्रंथ अनेक हातांतून जाणार हे येथे गृहीत धरलेले आहे. पानाची कोरी कड ही पुढच्या वाचकासाठी राखलेली जागा होय.

३

या मुलखातील वाचन मुळात ऐकण्याचे होते. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद बोलविले त्या रेड्याची समाधी आळे येथे दाखवितात. तुकोबांना स्वप्नात उपदेश करणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. दोन्ही कथांत शब्द मुखातून कानात जातो. मध्ये पोथी नाही. चातुर्मासातील पोथीवाचनाची रीतही याच जातीची. श्रीधराचा हरिविजय छत्तीस अध्यायांचा, पांडवप्रताप चौसष्ट अध्यायांचा. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा, बाकीच्यांनी ऐकावे आणि अध्याय पुरा झाला की पोथी बांधून ठेवावी. ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते अशा बायाबापड्यांना कथेचा क्रम बिनचूक ठाऊक असे, तो या रीतीमुळे. एकट्याने मुकाट वाचणे ही इतरत्रही फार जुनी सवय नाही. बिशप अँब्रोज ओठ न हलविता वाचतो, याची नोंद सेंट ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरच्या आठवणींत मुद्दाम करून ठेविली आहे.

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात या वाचनाचे सर्वांत बांधीव रूप पाहावयास मिळते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, अशी सात दिवसांची आखणी असते. अठरा अध्यायांच्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत संपवावयाच्या, म्हणजे दिवसाला सरासरी तेराशेच्या आसपास ओव्या होतात. व्यासपीठचालक पुढे वाचतो आणि त्याच्यामागून ओळीने बसलेले स्त्रीपुरुष आपापल्या ग्रंथात पाहून एका स्वरात वाचतात.

या दृश्याचे पृथक्करण केले तर वाचनाला तीन प्रकारच्या मर्यादा लाभलेल्या दिसतात. मर्यादा हा शब्द येथे बंधन या अर्थाने योजलेला नाही. वाचन कोठे सुरू झाले, कोठे थांबावयाचे आणि आपण आता कोठे आहोत, हे वाचकाला कळविणारी खूण, असा त्याचा अर्थ घ्यावा. पहिली मर्यादा ग्रंथाच्या अंगची : ओवी, समास, अध्याय. दुसरी साधनाची : पान आणि पुस्तकाची जाडी, डाव्या हाताखाली किती पाने झाली आणि उजव्या हाताखाली किती उरली ही जाणीव. तिसरी बैठकीची : ठरलेली वेळ, शेजारचा वाचक, समोरचा श्रोता. छापील कादंबरी एकांतात वाचणाऱ्याची बैठक सुटली, परंतु पुस्तकाची जाडी त्याच्या हाती राहिली. शिवाय १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने बळ मिळालेल्या सार्वजनिक वाचनालयाने त्याला आणखी एक सौम्य मर्यादा दिली, ती म्हणजे पुस्तक परत करावयाची तारीख. ते पुस्तक दुसऱ्या कोणाला तरी हवे आहे, याची आठवण ती तारीख करून देत असे.

आमचे प्रतिपादन असे की, नवे साधन यांपैकी दुसरी मर्यादा पुसून टाकते, तिसरी दुबळी करते आणि पहिलीला मात्र हात लावू शकत नाही. वाचनाचे नुकसान कोठे होते आणि कोठे होत नाही, हे यावरून ठरते.

४

येथे दोन साधनांत भेद केला पाहिजे. केवळ वाचनासाठी बनविलेले किंडल हे यंत्र अमेरिकेत २००७ साली विक्रीस आले. मराठी पुस्तके त्यावर २०१६ च्या डिसेंबरात आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले होते. परिणामी मराठी वाचकाच्या हाती, आणि विशेषतः ग्रामीण वाचकाच्या हाती, वाचनाचे यंत्र म्हणून आला तो मोबाइलच. हा भेद महत्त्वाचा आहे. वाचनयंत्र हे वाचनालयाच्या खोलीसारखे असते, तेथे वाचनाखेरीज दुसरा उद्योग नाही. मोबाइल हा आठवड्याच्या बाजारासारखा असतो. नारायणगावच्या टोमॅटोचा भाव, पाहुण्याचा निरोप, निवडणुकीचा प्रचार आणि ज्ञानेश्वरीचा अध्याय तेथे एकाच पालाखाली मांडलेले असतात. ‘मोबाइलवर मन लागत नाही’ असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा दोष काचेचा असतो की शेजाराचा, हे तपासून पाहावयास हवे. आमच्या मते बराचसा शेजाराचा असतो.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावी सप्ताहाच्या पारायणास बसण्याचा योग आला होता. ओळीत एक तरुण ग्रंथाऐवजी मोबाइल घेऊन बसला होता. वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्यास हटकले नाही; अक्षरे तीच, मग हरकत कशाची, असाच एकूण भाव होता. अध्यायाच्या मध्यावर त्याला कोणाचा तरी फोन आला. त्याने तो घेतला नाही, तत्काळ बंद केला. परंतु त्या क्षणात डोळ्यांपुढील ओव्या नाहीशा झाल्या होत्या आणि परत आल्या तेव्हा दुसऱ्याच ठिकाणी आल्या होत्या. तो बोटाने वरखाली शोधू लागला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थाने वाचन न थांबविता आपला ग्रंथ थोडा त्याच्याकडे सरकविला आणि चाललेल्या ओवीवर बोट ठेविले. तरुणाने ओवीचा क्रमांक पाहिला, मोबाइलवर ती ओवी काढली आणि तो पुन्हा स्वरात मिसळला.

या लहानशा प्रसंगात आमच्या प्रतिपादनाची तिन्ही अंगे आहेत. साधनाची मर्यादा तुटली, कारण काचेवरील ओवीला ठरलेली जागा नव्हती. बैठकीची मर्यादा शिल्लक होती, म्हणून वाट चुकलेल्याला शेजारी भेटला. आणि ग्रंथाची स्वतःची मर्यादा, म्हणजे ओवीचा क्रमांक, कागदावर आणि काचेवर एकच असल्यामुळे त्याला परतता आले. हाच तरुण घरी एकटा एखादा निबंध वाचीत असता तर त्याच्यापाशी शेजारी नव्हता, क्रमांकही नव्हता. बहुधा त्याने तो निबंध तेथेच सोडला असता.

५

या निरीक्षणास पाश्चात्त्य देशांतील संशोधनाचा काही आधार मिळतो. डेलगाडो आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली, २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत १,७१,००० हून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचे बंधन असता हा फरक वाढतो, असे त्यांना आढळले. मात्र कथात्मक मजकुराच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. पडद्याची सवय वाढत गेली तसा हा फरक कमी होईल, ही अपेक्षाही खरी ठरली नाही. त्या वर्षांत तो उलट वाढला. नॉर्वेतील ॲन मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वाचकांना एक रहस्यकथा छापील पुस्तकातून आणि काहींना तीच कथा किंडलवरून वाचावयास दिली. पुष्कळशा कसोट्यांत दोन्ही गट सारखेच उतरले. परंतु कोणती घटना आधी आणि कोणती नंतर घडली, हे सांगताना किंडलचे वाचक मागे पडले.

हे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लागू करणे धाडसाचे होईल. त्यांतील वाचक, भाषा आणि लिपी वेगळ्या आहेत. तथापि त्यांचा कल लक्षात घेण्याजोगा आहे. कथेला अंगचाच क्रम असतो, म्हणून ती काचेवर बरीचशी तग धरते. निबंध, प्रबंध, पाठ्यपुस्तक यांची मांडणी वाचकाच्या मनात पानाच्या आधाराने उभी राहते. ‘ते उजव्या पानावर, खालच्या बाजूस होते’ ही आठवण ज्याने परीक्षेसाठी कधी वाचले आहे त्याला नवी नाही. तो आधार गेला की क्रम विस्कळीत होतो, आणि क्रम विस्कळीत झाला की युक्तिवाद केवळ सुट्या विधानांची रास होऊन बसतो.

येथून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. आपले प्राचीन वाङ्मय या नव्या साधनास आधुनिक वाङ्मयापेक्षा अधिक मानवते. ज्ञानेश्वरीचा संदर्भ अध्याय आणि ओवीने द्यावयाचा, दासबोधाचा दशक, समास आणि ओवीने. हस्तलिखित पोथी, मुद्रित ग्रंथ, मोबाइल, कोठेही गेले तरी हा पत्ता चुकत नाही. याउलट आधुनिक कादंबरी वा समीक्षाग्रंथ यांचा पत्ता पृष्ठांकाने दिलेला असतो, आणि अक्षर लहानमोठे करताच पाने बदलणाऱ्या ई-बुकात त्या पृष्ठांकाला काही अर्थ उरत नाही. विद्यार्थी प्रबंधात ‘पृष्ठ ८४’ असे लिहितो आणि त्याचा परीक्षक आपल्या पडद्यावर ८४ वे पान शोधीत बसतो. आधुनिक गद्याने आपली मर्यादा कागदाकडून उसनी घेतली होती. कागद बाजूला होताच ते उसनेपण उघडे पडले.

६

बैठकीची मर्यादा दुबळी झाल्याचा दुसरा परिणाम पाठाच्या शुद्धतेवर होतो. पारायणात एकाचा पाठ चुकला तर तो चौघांच्या कानाला खटकतो. एकांतातील वाचकाला अशी राखण नाही. पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेले उतारे मोबाइलवरून फिरत असतात, आणि ते खरे मानून त्यांवर लोक विचारही करतात. आपल्या वाङ्मयाला हा रोग नवा नाही. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. ज्ञानेश्वरीला जे शुद्धिकार लाभले ते मोबाइलवरील मजकुराला लाभलेले नाहीत, आणि येथे अपपाठ शतकांनी नव्हे तर तासांनी वाढतो.

यात लिपीची अडचण मिळते. युनिकोडपूर्वीच्या काळात अक्षरजुळणीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट वापरीत. त्या जुन्या फाइली नव्या साधनात आणताना रफार, जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतील ‘ऱ्य’ मोडलेले आढळतात. पुष्कळ मोबाइलवर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही दिसत नाहीत, हिंदी वळणे दिसतात. वस्तुतः शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना मराठी वळणांचा पुरस्कार केलेला आहे. रुमालातील मोडी कागदाचे जे झाले ते आपल्याच पिढीतील फाइलींचे होऊ द्यावयाचे नसेल, तर ही बाब तंत्रज्ञांवर सोपवून स्वस्थ बसता येणार नाही. ती पाठचिकित्सेची बाब आहे आणि म्हणून भाषाविभागांची आहे.

७

आता दुसरी बाजू. आहुपे किंवा घाटघर यांसारख्या डोंगरकडेच्या गावातील विद्यार्थ्याला चांगले वाचनालय कधीच हाताशी नव्हते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. तो पाहावयाचा तर अशा विद्यार्थ्याला तालुक्याला आणि तेथे न मिळाल्यास पुण्याला जावे लागे. आज विश्वकोश त्याच्या हातात येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक दुर्मिळ ग्रंथ पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. कधीकाळी वाचकाला अक्षरापाशी घाट चढून जावे लागे; आता अक्षर घाट चढून वाचकापाशी येते, निदान जेथे रेंज मिळते तेथवर येते. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांनी मोबाइलवरील वाचनाची हेटाळणी करावी, हे न्यायाचे नाही. ज्याला दुसरे पुस्तक नाही त्याचे ते पुस्तक आहे. म्हणूनच ते सदोष असणे अधिक गंभीर आहे.

श्रवणही परत आले आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेलने मराठी श्राव्य पुस्तके आणली, आणि द्राक्षबागेत काम करता करता कादंबरी ऐकणारा श्रोता आता कल्पनेतला राहिलेला नाही. परंतु हे श्रवण पोथीच्या श्रवणाहून भिन्न आहे. पोथी ऐकणारा मध्येच ‘म्हणजे काय?’ असे विचारू शके, आणि त्याच्या प्रश्नाने शेजाऱ्याचीही शंका फिटे. कानात यंत्र घालून ऐकणाऱ्याला आवाज मिळाला आहे, सोबत मिळालेली नाही.

तात्पर्य, पडद्यावरील वाचनात जे हरवले ते साधनाने आणि बैठकीने दिलेली मर्यादा होय. पहिली परत आणता येणार नाही. तिची भरपाई करता येईल. मराठी ई-बुक सिद्ध करणाऱ्या प्रकाशकांनी कोणत्या आवृत्तीवरून पाठ घेतला हे स्पष्ट सांगावे आणि गद्यग्रंथांतही प्रकरणागणिक परिच्छेदांना क्रमांक द्यावेत. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधात पृष्ठांकाबरोबर प्रकरण आणि परिच्छेद यांचाही निर्देश करावा. हे काम किरकोळ वाटेल, पण ओवीच्या क्रमांकाने जे साधले ते याहून मोठे नव्हते.

दुसरी मर्यादा मात्र परत आणता येण्यासारखी आहे आणि तिला खर्चही नाही. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, एक ग्रंथ, पाचसात वाचक. कोणी पुस्तक आणावे, कोणी मोबाइल आणून तो फ्लाइट मोडवर ठेवावा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी आपापल्या प्रतीत पाहावे आणि जेथे पाठ वेगळा आढळेल तेथे थांबून विचार करावा. पदव्युत्तर वर्गात हे सहज करता येईल आणि तालुक्याच्या वाचनालयातही करता येईल. अशा बैठकींत आढळलेल्या पाठभेदांची आणि सदोष ई-प्रतींची नोंद विद्यार्थ्यांनी करून विभागाकडे दिली, तर दोनचार वर्षांत उपलब्ध मराठी ई-ग्रंथांच्या शुद्धाशुद्धतेची एक विश्वसनीय सूची तयार होईल. आज तिची गरज सर्वांत अधिक आहे ती डोंगरकडेच्या त्या विद्यार्थ्याला. वाट चुकली असता ओवीवर बोट ठेवणारा शेजारी त्याच्यापाशी नाही. तूर्त ते काम या सूचीने करावे.